गेन्शिन इम्पॅक्ट अकरा वर्षांच्या मुलाला द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगा ११ वर्षांचा, सहावीत, मराठी माध्यम. मे महिन्यात ठाण्याला आत्याकडे गेला, तिथे १५ वर्षांच्या आतेभावाला गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम खेळताना बघितलं आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय. आईने बघितलं तर तलवारी, राक्षस, जादू, देव. आजी म्हणतात असलं भुताखेताचं घरात नको, बाबा म्हणतात कार्टून तर आहे, खेळू दे. नेटवर कुठे १२ वर्षं लिहिलंय, कुठे टीन. तर द्यावा की नाही?

ताई, मी नाशिकला एका शाळेत समुपदेशक आहे, १६ वर्षं झाली, आणि गेम स्वतः खेळते, मुलांचं कळावं म्हणून नाही तर मला आवडतात म्हणून. गेन्शिन सप्टेंबर २०२० मध्ये आला, त्याच हिवाळ्यात मी सुरू केला, वर्षभर जवळपास रोज खेळले, मग थांबवला, का थांबवला ते पुढे येईलच. पालकसभेत मला हा प्रश्न कायम येतो आणि तिथे पाच मिनिटांत जे सांगते ते अर्धवट राहतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तरच देऊन टाकते. तुम्ही सांगितलंय त्या मुलाला आत्ता, मोबाइलवर, एकट्याने बसून: नको. तुमच्या शेजारी, हॉलमधल्या स्क्रीनवर, पैशांचा रस्ता पूर्ण बंद करून, आठवड्यातून दोन-तीनदा: चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर अजून दोन वर्षं थांबले असते आणि तोपर्यंत दुसरा गेम दिला असता. आणि यातलं एकही कारण तलवार, राक्षस किंवा जादू हे नाही. तुमच्या घरात आजी आणि बाबा दोघंही चित्राबद्दल भांडतायत, एकाला ते भुताचं दिसतं, दुसऱ्याला कार्टूनचं. चित्र हा या गेमचा सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे. बघायचं असतं ते चित्रामागे काय चाललंय: हा गेम कधी संपतो का, पैसे कसे मागतो, पलीकडे अनोळखी माणूस आहे का, आणि आपलं पोरगं मध्येच उठवलं तर कसं वागतं.

आजींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यांना मुलाची काळजी आहे आणि ती खरी आहे. पण त्यांच्याशी बोलताना हे सांगा की राक्षस, शाप, मायावी जंगल हे तर आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलोय. नरसिंहाने उंबरठ्यावर बसून नखांनी पोट फाडलं ही गोष्ट आपण पाच वर्षांच्या मुलाला जेवताना सांगतो. तळकोकणात दशावतारात संकासुर आला की लहान पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात आणि दोन वर्षांनी तीच पोरं पहिल्या रांगेत जाऊन बसतात. भीती मापात असेल, शेजारी आपलं माणूस असेल आणि शेवटी वाईटाचा पराभव होत असेल तर मुलं त्यातून काहीतरी घेऊनच बाहेर येतात. गेन्शिनची गोष्ट अशाच जातीची आहे. जुळे भाऊ-बहीण, एक अनोळखी देवी त्यांची ताटातूट करते, मग उरलेला एक जण दुसऱ्याला शोधत तेवात नावाच्या जगात सात देशांतून फिरतो. बहिणीला शोधायला निघालेला भाऊ, यात अकरा वर्षांच्या मुलासाठी वाईट असं मला काही दिसत नाही.

मारामारीबद्दल म्हणाल तर गेन्शिनमध्ये भरपूर आहे पण रक्त नाही, शत्रू पडला की धूर होऊन गायब होतो. दारूचा उल्लेख आहे, पहिलाच देश मॉन्डश्टाट, त्याची ओळखच मुळी वाइनसाठी आहे, त्यामुळे मद्यालय, द्राक्षमळे, पिणारी पात्रं दिसतात. काही बायकांचे कपडे तोकडे आहेत. हे तुमच्या घरात चालेल का ते तुम्ही ठरवा, त्यावर मी कुणाला शिकवणार नाही. पण फँटसी म्हटलं की सगळं एका मापाचं नसतं हे लक्षात ठेवा, कारण उद्या तो दुसरं नाव घेऊन येईल. २०११ चा स्कायरिम घ्या, ड्रॅगन, बर्फ, किल्ले, दुरून बघितलं तर याच्यासारखाच वाटतो, आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच तुमच्या डोळ्यासमोर एका कैद्याचं मुंडकं उडवतात, पुढे तुम्हाला वाटलं तर निरपराध गावकऱ्यालाही मारता येतं. युरोपात त्याला १८ वर्षांचं लेबल आहे आणि ते बरोबर आहे. म्हणजे ड्रॅगन आहे का हा प्रश्नच नाही, माणूस मारला की काय दिसतं आणि कुणाला मारायला लावतात हा प्रश्न आहे.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच लेबलवर नसते ती म्हणजे दुःख. नी नो कुनी म्हणून एक फार देखणा जपानी गेम आहे, अगदी लहान मुलांचाच वाटतो, आणि त्यात सुरुवातीलाच नायकाची आई त्याला बुडताना वाचवते आणि मग स्वतः मरते. पोरगा तिला परत आणायला जादूच्या जगात जातो. माझ्याकडे एक चौथीतला मुलगा यायचा, त्याची आई आजारी होती, आणि त्याच्या काकांनी मोठ्या प्रेमाने नेमका हाच गेम आणून दिला. काकांची चूक नव्हती, त्यांनी डब्यावरचं वय बघितलं होतं. दोन आठवडे ते पोर झोपलं नाही. दुसऱ्या एका मुलीने आजी गेल्यानंतर हाच गेम खेळला आणि तिला त्याने आधार दिला, ती मला येऊन सगळी गोष्ट सांगायची. गेम एकच, मुलं वेगळी. म्हणून कुणी मला नुसतं गेमचं नाव सांगून चालेल का विचारलं की मी आधी मुलाबद्दल विचारते.

लेबलांचं पण सांगते कारण तुम्ही त्यातच गोंधळलायत. युरोपची पद्धत पेगी, ती गेन्शिनला १२ देते. अमेरिकेची ईएसआरबी, ती टीन म्हणते, म्हणजे १३ आणि पुढे. दोन्हीत विरोध काही नाही. पण वयाचे हे आकडे मुख्यतः काय दिसतं-ऐकू येतं त्याचं मोजमाप करतात, गेम मुलाला कळेल का, झेपेल का हे ते सांगतच नाहीत. ऑनलाइन पलीकडचा माणूस काय बोलेल याची हमी तर ईएसआरबी देत नाहीच, तसं ते स्वतःच लिहितात. मात्र २०२० पासून ते एक वेगळी ओळ छापतात की गेममध्ये खरेदी आहे आणि त्यात नशिबावर मिळणाऱ्या वस्तू आहेत. वयाच्या आकड्याआधी ही ओळ शोधा. गेन्शिनची सगळी गोम तिथे आहे.

आता तिथेच येते. हा गेम फुकट आहे. फुकट गेम बनवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात? गेन्शिनमध्ये नवीन पात्रं सोडतीतून मिळतात, त्याला ते विश म्हणजे इच्छा म्हणतात. पूर्वी किराणा दुकानात पुठ्ठ्याचा बोर्ड टांगलेला असायचा, पैसे देऊन चिठ्ठी फाडायची, बहुतेकदा गोळी मिळायची आणि वर कोपऱ्यात एक घड्याळ चिकटवलेलं असायचं ज्यावर सगळ्या पोरांचा डोळा, तोच प्रकार, फक्त घड्याळाच्या जागी सुंदर आवाजाचं, स्वतःची गोष्ट असलेलं एक पात्र आहे जे मुलाला आधीच आवडलेलं असतं. एका इच्छेला १६० प्रिमोजेम, म्हणजे गेममधलं चलन, लागतात. पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पात्र मिळण्याची शक्यता मूळची ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. ९० वेळा इच्छा केली की एक पंचतारांकित नक्की, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही, नशीब फिरलं तर दुसरंच येतं आणि मग पुन्हा ९०. म्हणजे हमखास हवं तर १८० इच्छा धरा, २८,८०० प्रिमोजेम.

हे पैशांत किती? इथेच खरी मेख आहे, कारण पैसे देऊन थेट प्रिमोजेम मिळतच नाहीत. आधी जेनेसिस क्रिस्टल घ्यायचे, त्याचे प्रिमोजेम करायचे, त्याचं फेट नावाचं तिकीट घ्यायचं, मग इच्छा. चौथ्या पायरीवर पोहोचेपर्यंत आपण किती रुपये देतोय हे मोठ्या माणसालाही आठवत नाही, मग अकरा वर्षांच्या मुलाला काय आठवणार. सगळ्यात मोठा पॅक साधारण १०० डॉलरचा, त्यात ८,०८० क्रिस्टल. पहिल्या खरेदीवर जास्त मिळतात ते सोडा, नेहमीच्या भावाने एकही फुकटचा जेम न वापरता त्या २८,८०० साठी चार पॅक लागतात, चारशे डॉलर, आपले तीस हजारांच्या वर, एका पात्रासाठी, तेही सगळ्यात वाईट नशीब धरून. फुकट पण मिळतात हे खरं आहे, रोजची चार छोटी कामं केली की ६० प्रिमोजेम, शिवाय इव्हेंट आणि शोधाशोधीतून बरेच. पण फक्त रोजच्या कामांवर बसलात तर २८,८०० ला ४८० दिवस होतात, हा हिशेब मी मुलांना फळ्यावर करायला लावते, आणि भागाकार झाल्यावर वर्गात जी शांतता होते ती माझ्या कुठल्याही भाषणाने होत नाही.

घरी करायचं असेल तर एका पातेल्यात १६६ शेंगदाणे मोजून घ्या, त्यात एक काजू टाका, डोळे मिटून एक दाणा उचलायला सांगा. काजू निघाला नाही की दाणा परत टाकायचा आणि पुन्हा. हेच ०.६ टक्के. वीस-तीस वेळा केल्यावर मुलं स्वतःच म्हणतात की हे काय, कधीच येत नाही. टक्केवारी सहावीत नीट झालेली नसते, पण काजू कळतो.

हे मी माझ्या मनाने वाईट म्हणत नाहीये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिनच्या कंपनीवर नेमका हाच आक्षेप घेतला, की बक्षीस मिळण्याची शक्यता आणि खरा खर्च मुलांपासून लपवला जातो. कंपनीने बरेचसे आरोप चुकीचे असल्याचं सांगितलं पण २ कोटी डॉलर भरायला आणि तिकडे १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या परवानगीशिवाय अशा सोडती न विकायला तयार झाली. बेल्जियममध्ये तर २०१८ मध्येच तिथल्या जुगार नियामकाने काही गेममधल्या पैशाच्या सोडती जुगारातच धरल्या. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला म्हणून काही पालक निर्धास्त झालेत, पण तो पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर रोखलेला आहे, इथे तर मूल पैसे देऊन चित्र जिंकतंय, तेव्हा त्या कायद्याच्या भरवशावर राहू नका.

आता वेळेचं. मी थांबवला तो यामुळेच, पैशामुळे नाही, मी फारसे घातले नव्हते. गेममध्ये रेझिन नावाची एक टाकी आहे, दर आठ मिनिटांनी एक थेंब भरतो, २०० ला टाकी भरते, म्हणजे सव्वीस-सत्तावीस तास. भरल्यावर वाया जातं. अर्थ काय, रोज एकदा या. दर सहा आठवड्यांनी नवीन भाग, विशिष्ट पात्राची सोडत तीनेक आठवडेच, आत्ता नाही घेतलं तर पुन्हा कधी येईल माहीत नाही. स्वस्तातला मासिक पास आहे, पाच डॉलरच्या आसपास, तो त्यातल्या त्यात बरा वाटतो कारण आकडा ठरलेला आहे, पण त्याचे जेम रोज हजेरी लावली तरच मिळतात. आणि एशिया सर्व्हरवर नवीन दिवस सुरू होतो तो आपल्या घड्याळात रात्री दीड वाजता. आठवीतली एक मुलगी पहिल्या तासाला डोळे मिटायची, शिक्षकांना वाटलं तब्येतीचं काहीतरी, तर ती दीडला उठून नव्या दिवसाची कामं करून परत झोपत होती. हुशार मुलगी, कुणी तिला फसवलं नव्हतं, तिला फक्त मागे पडायचं नव्हतं. मला स्वतःला ज्या दिवशी लग्नघरातून बाजूला होऊन रोजची चार कामं उरकावीशी वाटली त्या दिवशी मी काढून टाकला. मी तेव्हा चाळिशीत होते. अकरा वर्षांच्या मुलाकडून त्याहून जास्त संयमाची अपेक्षा मी करणार नाही.

अनोळखी लोकांचं इथे त्या मानाने कमी आहे. गेममधली आपली पातळी १६ होईपर्यंत दुसऱ्यांसोबत खेळताच येत नाही, आणि नंतरही तुमच्या जगात कुणी यावं का ते सेटिंगमधून बंद करता येतं, ते करा. खरा धोका गेमच्या बाहेर असतो, मित्र म्हणतात डिस्कॉर्डवर, म्हणजे गप्पांच्या ॲपवर, ये, तिथे किमान वय १३ आहे आणि तिथे कोण काय बोलतं ते तुम्हाला दिसत नाही. त्याबाबतीत मी अजिबात सैल नाही, सहावीत डिस्कॉर्ड नाही.

एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणीच बोलत नाही, तो म्हणजे भाषा. असले गेम म्हणजे अर्धं वाचन असतं. कोण कुणाशी का लढतंय, हा राक्षस आधी कोण होता, त्याला असं का व्हावं लागलं, हे सगळं संवादांत असतं, आणि गेन्शिनमध्ये ते मराठीत सोडा, हिंदीतही नाहीत. मराठी माध्यमातल्या सहावीच्या मुलाला ती इंग्रजी जड जाते, लांबलचक, नावंही अवघड, मग तो काय करतो, भराभर स्किप. गोष्ट गेली, राहिली फक्त मारामारी आणि सोडत. म्हणजे गेमचा जो चांगला भाग आहे, ज्याच्यासाठी मी मोठ्या मुलांना तो खेळा म्हणते, तोच नेमका याला मिळत नाही. उलट कुणीतरी शेजारी बसून वाचून, मराठीत सांगत गेलं तर तोच गेम एकदम वेगळा होतो. माझ्या ओळखीचे एक बाबा, रिक्षा चालवतात, इंग्रजी जेमतेम, पण मुलीसोबत बसून एकेक वाक्य डिक्शनरीत बघून महिनाभरात एक अख्खी कथा पूर्ण केली दोघांनी. मुलीचं इंग्रजी सुधारलं ते सुधारलंच, पण तिला बाबांसोबतचा तो महिना कायम लक्षात राहील.

मग सगळं कशावर अवलंबून आहे? तुमच्या मुलावर. मला त्याच्याबद्दल दोन-तीन गोष्टी माहीत नाहीत. कॅरममध्ये हरला तर तो पुन्हा मांड म्हणतो की सोंगट्या उधळतो? क्रिकेटचे कार्ड, स्टिकर असं काही जमवायला लागला की एक राहिलं म्हणून रडतो का? पैसे लपवून काही घेतलंय का कधी? जमवण्याची ओढ असलेली मुलं वाईट नसतात, पुढे तीच मुलं फार नीटनेटकी कामं करतात, पण सोडतीचा गेम अशा मुलांना बरोबर पकडतो. आणि ज्याला शाळेत मित्र कमी आहेत त्याच्या हातून गेम काढून घेण्याआधी तो तिथे काय मिळवायला जातोय ते बघावं लागतं.

मी स्वतः कुठलाही गेम तपासते तो असा. आधी एकटी दोन-अडीच तास खेळते, ट्रेलर बघून काही कळत नाही. मग मुलाला खेळायला देते आणि शेजारी बसून गप्प राहते, फक्त मधूनमधून विचारते, हा कोण, तुला हा का आवडला, आता काय करणार. उत्तरं आली तर गोष्ट आत जातेय. नुसतं "थांबा ना मॅडम" आलं तर फक्त बोटं चाललीयत. आणि तिसऱ्या वेळी मी खेळ थांबवायला सांगते. इथे पालकांची एक चूक होते, ती मी आवर्जून सांगते: अर्ध्या लढाईत "बंद कर" म्हणणं अन्याय आहे. काही गेममध्ये ठरावीक ठिकाणीच सेव्ह होतं, गेन्शिनमध्येही आतल्या गुहेत अर्ध्यात सोडलं तर ती पुन्हा पहिल्यापासून. आपण अर्धी पोळी तव्यावर ठेवून उठतो का? म्हणून घड्याळ लावण्यापेक्षा "हे मिशन झालं की" असं ठरवा आणि आधी ठरवा. तेवढं करूनही मूल आदळआपट करत असेल, आणि एकदा नाही, दर वेळी, तर तो गेम त्याच्यासाठी अजून लवकर आहे. व्यसन हा शब्द मात्र लगेच वापरू नका. डब्ल्यूएचओने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालू ठेवणं, आणि साधारण १२ महिने असं चालणं, एवढं सगळं बघतात. मे महिन्यापासून हट्ट धरलाय म्हणजे आजार नाही. तुमच्या घरी खरंच ताबा सुटल्यासारखं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

द्यायचंच ठरलं तर आधी पैशाचं दार लावा, मुलावर विश्वास नाही म्हणून नाही, विजेच्या बोर्डाला आपण झाकण लावतो तसं. मुलाचं खातं गुगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमध्ये घ्या, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं सेटिंग चालू करा. पण एवढ्याने भागत नाही, कारण ते फक्त गुगलच्या मार्गाने होणाऱ्या खरेदीला लागू होतं, ब्राउझरमधून टॉप-अप करता येतो आणि तिथे फॅमिली लिंक विचारायला येत नाही. म्हणून ज्या फोनवर खेळायचं त्यावर यूपीआय ॲपच नको. यूपीआय लाइट तर आधी बंद करा, त्यात १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. सातवीतल्या एका मुलाने, दुसराच गेम होता, आजोबांच्या फोनवरून असेच छोटे छोटे करत सहा हजारांवर घालवले, आजोबांना पासबुक भरल्यावर कळलं. त्या पोराने मला काय सांगितलं माहितीये, "मॅडम, मला वाटलं जेम संपले, पैसे नाही." मला ते शंभर टक्के खरं वाटलं. चार पायऱ्यांचं ते चलन त्यासाठीच तर बनवलेलं असतं.

मुलाला सांगताना मात्र "ते वाईट आहे" म्हणू नका, कारण आतेभाऊ त्याचा हिरो आहे आणि आतेभाऊ वाईट नाही. खरं कारण सांगा, काजूचा प्रयोग करा, आणि कधी मिळेल ते पण सांगा, "तेराव्या वाढदिवसाला पुन्हा बोलू" असं ठोस. मुलांना "नाही" हे उत्तर चालतं, अधांतरी ठेवलेलं चालत नाही. शक्य असेल तर पुढच्या वेळी ठाण्याला गेलात की आतेभावालाच सांगा याला दोन तास शेजारी बसवून गोष्ट दाखव, सोडत नको. पंधरा वर्षांची मुलं अशी जबाबदारी दिली की फार छान पार पाडतात.

तोपर्यंत काय? लाख गेम आहेत जे एकदा विकत घेतले की पुन्हा पैसे मागत नाहीत आणि ज्यांना शेवट आहे. २०१७ चा झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेन्शिनचा एका अर्थाने थोरला भाऊच, तेच डोंगर चढणं, तेच ग्लायडरने उडणं, पण सोडत नाही, अनोळखी माणूस नाही, गोष्ट संपते. अडचण एवढीच की त्यासाठी निन्टेंडोचं मशीन लागतं आणि ते महाग पडतं. घरात साधा जुना लॅपटॉप असेल तर २०१५ चा अंडरटेल, त्यात एकाही राक्षसाला न मारता, बोलून-समजावून गेम पूर्ण करता येतो, आणि मारलं तर गेम ते लक्षात ठेवतो. माझ्या शनिवारच्या क्लबमध्ये एका मुलाने शेवटी पहिल्यापासून पुन्हा सुरू केला, फक्त एका राक्षसिणीला वाचवायचं राहिलं म्हणून. पण याचा शेवटचा एक शत्रू दिसायला खरंच भयानक आहे, गेम मध्येच स्वतःहून बंद पडतो वगैरे, तेव्हा त्या दिवशी शेजारी बसा, रात्री नका खेळू देऊ.

आणि स्क्रीनच नको असेल तर मूळ प्रकारच खेळा. हे सगळे गेम ज्यातून आले तो १९७४ साली अमेरिकेत आलेला कागद-फाशांचा खेळ, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र व्हायचं, काय करणार ते बोलायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. आम्ही शनिवारी मराठीत खेळतो. जग मुलांनीच बनवलंय, सह्याद्रीतला एक गड, खाली भुयार, भुयारात दिवा लागतो पण लावणारा दिसत नाही. सहावीतलीच मुलं आहेत, एकेक जण वहीच्या मागे नकाशे काढून आणतो. गोष्ट सांगायला घरातलं मोठं माणूस लागतं आणि माझ्या अनुभवात आजी हे काम सगळ्यात छान करतात, त्यांच्याकडे गावच्या वाटांच्या, विहिरींच्या, चकव्याच्या गोष्टी असतात आणि कुठे घाबरवायचं, कुठे थांबायचं हे त्यांना न शिकवता येतं. तुमच्याकडच्या आजींना विचारून बघा. चार कागद, पेन्सिल आणि एक फासा, सापशिडीतला चालतो.